बायरच्या फॉर्मवर ‘होय’ लिहिलं, पण बॅकअपवर माझाच भरवसा नाही

अक्कलकोटरोड · शनिवार, रात्री १०.५२

सोलापूरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माग बावीस, माणसं तीसेक. ऑफिस म्हणजे काचेची एक खोली, तीत दोन मशीन. कॉम्प्युटरवर हिशेबाची टॅली, लॅपटॉपवर जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाईनं.

एका परदेशी गिऱ्हाइकानं नव्या ऑर्डरीआधी अकरा पानी फॉर्म पाठवला. बालकामगार, रंगाचं सांडपाणी, आग विझवण्याची साधनं, हे नेहमीचं. नवव्या पानावर दोन प्रश्न होते. आग, पूर किंवा सायबर हल्ला झाला तर काम पुन्हा उभं करण्याची लेखी योजना आहे का? आणि तिची चाचणी शेवटची कधी घेतली?

पहिल्याला ‘होय’ लिहिलं. योजना आहेच. दोन वर्षांपूर्वी मुलानं नेटवरून उतरवून आमचं नाव घातलेली चौदा पानं. आज पहिल्यांदाच नीट वाचली. तिच्यात ‘आमच्या मुंबई येथील डेटा सेंटरमधून सेवा सुरू होईल’ असं वाक्य आहे. मुंबईत आमचं काही नाही, एक आत्या सोडली तर.

दुसऱ्या प्रश्नाला मागच्या महिन्यातली एक तारीख ठोकून दिली. चाचणी बिचणी काही झालेली नाही. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय.

खरी परिस्थिती अशी. आमचे दिवाणजी रोज संध्याकाळी न चुकता टॅलीचा बॅकअप पेनड्राईव्हवर घेतात. पेनड्राईव्ह गल्ल्यात असतो. डिझाईनं गूगल ड्राईव्हला आपोआप जातात. यातलं काहीही आजवर आम्ही परत उघडून पाहिलेलं नाही.

१८ मे २०२५ ला आमच्याच रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्याला आग लागली, ८ जीव गेले. त्यावर इथं चर्चा नको. त्यानंतर आम्ही वायरिंग बदललं, बाहेरचा जिना मोकळा केला, रात्री आत कुणी झोपायचं नाही असं ठरवलं. माणसांचं आधी केलं ते बरोबरच झालं. कागदांचं मात्र राहूनच गेलं.

योजना लिहून देणारे पुष्कळ भेटतील. ती खरंच चालेल असा भरवसा कशानं येतो, एवढंच सांगा.

पूर्वभाग · शनिवार, रात्री ११.०५

अण्णा, काय चालालंय हे. पेनड्राईव्ह गल्ल्यात, गल्ला खोलीत, खोली कारखान्यात. म्हंजे लागली आग की सगळं एकदमच स्वाहा की ओ.

अक्कलकोटरोड · शनिवार, रात्री ११.०८

म्हणूनच झोप येईना.

बॅकअपबुवा · रविवार, सकाळी ७.३०

साखर पेठेतला आहे, पुण्यात सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. जरा लांब लिहितो.

बॅकअप घेणं म्हणजे विहीर खणणं. पाणी लागलं की नाही ते पोहरा टाकल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडची अर्धी माणसं खणलेल्या खड्ड्याकडे बघून समाधान मानतात.

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. गिटलॅब नावाची कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रॅमर तिच्याकडे आपलं काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं. थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले होते. त्यांच्याकडे प्रती ठेवायच्या एकूण पाच पद्धती होत्या. एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे तो रोज गपचूप नापास होत होता. ‘नापास झालो’ असे मेल तो पाठवत होता, पण मेलच्या एका सेटिंगमुळे ते वाटेतच नाकारले जात होते. एका माणसानं सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं एक प्रत काढली होती, तिच्यावर ते तरले. तरी मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलंच.

एवढ्या मोठ्या कंपनीत पाच पद्धती असून भरवसा खोटा निघाला, कारण कुणी परत उघडून बघितलं नव्हतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका वाक्यात: ज्या मशीनवर तुमचं काही नाही अशा मशीनवर, ज्या माणसाला काही माहीत नाही अशा माणसाकडून, घड्याळ लावून, कालचा बॅकअप उघडून घ्या. जे निघेल ते इथं टाका. लाजू नका, पहिल्या वेळी सगळ्यांचंच वाजतं.

त्याआधी दोन आकडे ठरवा. एक, किती वेळ बंद राहिलं तर परवडेल? दोन, किती तासांचं काम पुन्हा लिहावं लागलं तर चालेल? धंद्यातल्या प्रत्येक गोष्टीचे हे दोन आकडे वेगळे निघतात, आणि ते मालकाला सांगता येतात, कॉम्प्युटरवाल्याला नाही.

झटपट · रविवार, सकाळी ९.१४

बावीस मागांच्या कारखान्याला कसली डिझास्टर रिकव्हरी? सगळं क्लाऊडवर टाका, विषय संपला. उगाच बाऊ करायलात.

औषधवाला · रविवार, सकाळी ९.४०

@झटपट, आमचा घाऊक औषधांचा धंदा. ‘विषय संपला’ असंच आम्हीही म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी बिलिंगच्या मुलानं मेलमधली ‘पर्चेस ऑर्डर’ उघडली. अर्ध्या तासात सगळ्या फायलींची नावं बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर आली. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती सोयीसाठी कायम यूएसबीला लावलेली. तीही कुलूपबंद. क्लाऊडचं फोल्डर सिंक होतं, त्यानं इमानेइतबारे त्याच कुलूपबंद फायली वर चढवल्या.

वाचलो ते गूगल ड्राईव्ह फायलीची आधीची आवृत्ती ३० दिवस ठेवतं म्हणून. पण एकेक फाईल हातानं मागं न्यायची. अकराशे फायली. माझी बायको, मेहुणा आणि मी, तीन रात्री. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या १९३० हेल्पलाईनवर केली, नोंद झाली, पण त्यानं फायली उघडत नाहीत.

तेव्हा सिंक हा आरसा आहे. तुमचं तोंड काळं झालं की त्याचंही होतं.

बॅकअपबुवा · रविवार, सकाळी १०.०२

औषधवाला, आरसा आवडला, वापरणार.

@झटपट, क्लाऊड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या इमारतीतला कॉम्प्युटर. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता त्यांचं दोन्ही गेलं. पुढं २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. सरकारी नोकरांची कागदपत्रं ठेवायची ‘जी-ड्राईव्ह’ म्हणून सोय होती. ८५८ टेराबाइट गेले. बाहेर प्रत नव्हती, कारण काय तर डेटा फार मोठा आहे म्हणून. अक्कलकोटरोड यांचा पेनड्राईव्ह गल्ल्यात आहे, कोरियाचा गल्ला मोठा होता, इतकाच फरक.

क्लाऊड घ्याच. पण ती एक प्रत झाली. तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हा जुना नियम अजून कुणी मोडीत काढलेला नाही. माझ्याकडून एक भर: त्यातली एक प्रत कशालाच जोडलेली नको. वायर नाही, वायफाय नाही.

सीनाकाठ · रविवार, दुपारी १.२०

मोहोळ तालुक्यात खतं-बियाण्यांचं दुकान आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला जे पाणी आलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, आम्ही काउंटरवरून पाहिलं.

पाणी येतंय हे कळल्यावर हातात दीड तास होता. त्यात मी काय केलं? खताची पोती वरच्या फळीवर चढवत बसलो. सात-आठ पोती वाचली. खालच्या कप्प्यातली उधारीची वही, कॉम्प्युटर, खतविक्रीची नोंद करायचं पॉस मशीन, सगळं पाण्यात. पोत्याची किंमत मला कळत होती, वहीची नंतर कळली. वहीत तीन गावांची उधारी होती.

क्लाऊडवर टॅलीची प्रत होती. खरंच होती. पण तीन दिवस लाईट नाही, टॉवर बंद, मोबाईल मेलेला. पासवर्ड मोबाईलमध्ये. विम्याच्या माणसाचा नंबर मोबाईलमध्ये. भावाच्या फोनवरून कुणाला लावायचा म्हटलं तर बायकोचा सोडून मला एकही नंबर पाठ नव्हता. पुणे महामार्ग लांबोटीजवळ अडलेला, म्हणून सोलापूरला जाऊन काही करावं तर तेही नाही.

वहीचं काय झालं ते सांगतो, कुणाच्या तरी कामाला येईल. ओली पानं ओढून सुटी करायला गेलो तर फाटली. मग एका म्हाताऱ्या तलाठ्यांनी सांगितलं, घाई करू नको, सावलीत उभी कर, पानांत जुनी वर्तमानपत्रं घाल, दर दोन तासांनी बदल. शाईपेनानं लिहिलेलं गेलं, बॉलपेनचं टिकलं. साठ टक्के वाचता आलं. बाकीचं लोकांनी स्वतः येऊन सांगितलं, हे आमच्या गावाचं मोठेपण. दोघंतिघं नाही आले, तेही गावच.

आता नियम असा आहे. दर शनिवारी वहीच्या पानांचे फोटो काढून साडूकडे बार्शीला जातात. आणि एक पुठ्ठा आहे, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, त्यावर बारा फोन नंबर. एक दुकानात, एक घरी देवघराच्या मागं.

पूर्वभाग · रविवार, दुपारी १.३३

देवघराच्या मागं 🙏 ह्ये लै भारी. तिथली वस्तू घरात कुणी हलवत न्हाई.

हिशेबनीस · रविवार, सायंकाळी ६.१०

करसल्लागार आहे, नाव नको. टॅली परत उघडली हे कसं ठरवायचं त्यावर लिहिते, कारण ‘उघडली’ आणि ‘बरोबर आहे’ यात फरक आहे.

बॅकअप घ्यायच्या दिवशी चार आकडे कागदावर लिहून ठेवा: शेवटच्या विक्री बिलाचा नंबर, बँकेची शिल्लक, एकूण येणं, ट्रायल बॅलन्सची बेरीज. दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर केल्यावर, म्हणजे बॅकअप परत उघडल्यावर, हे चार जुळले पाहिजेत. स्क्रीनवर कंपनीचं नाव दिसलं म्हणून टाळ्या वाजवू नका.

नव्या मशीनवर टॅलीप्राईम तुमच्या आवृत्तीची किंवा पुढची हवी. जुन्या आवृत्तीत नवा डेटा उघडत नाही. लायसन्सचा सिरीयल नंबर आणि अनलॉक की ज्या ईमेलवर येते तो ईमेल, दोन्ही मालकाच्या हातात हवेत. ईमेल तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विचारायच्या आधीच हसू येतं. लायसन्सशिवाय टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालते, जुनं बघता येतं, पण नवी एन्ट्री १, २ आणि ३१ तारखेचीच होते. तेवढ्यावर कारखाना चालत नाही. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटाला कुलूप घालणारा, पासवर्ड लावला असेल आणि विसरलात तर तो कुणीच काढून देऊ शकत नाही.

माल पाठवताना लागणारं ई-वे बिल तर कुठल्याही कॉम्प्युटरवरून निघतं, असं म्हणाल. निघतं, पण १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच लॉगिनला ओटीपी लागतो. तो मालकाच्या फोनवर येतो. मालकाचा फोन ऑफिसबरोबर गेला तर? पोर्टलवर दुसऱ्याच्या मोबाईल नंबरचा उपवापरकर्ता आजच करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

विम्याचंही एक. ५ कोटीपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी असते, आग आणि पूर दोन्ही त्यात येतात. पण दावा करताना सर्व्हेअर विचारतो: त्या दिवशी माल किती होता, दाखवा. स्टॉकचं रजिस्टर जळलेल्या कॉम्प्युटरमध्येच असेल तर विमा असून तुम्ही रिकामे. बॅकअप हा विम्याचाच कागद आहे असं समजा. आणि बंद काळातला बुडालेला नफा साध्या पॉलिसीत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

जीएसटीची वहीखाती वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची आहेत. ‘पाण्यात गेली’ म्हटल्यावर खात्याचा माणूस सहानुभूती दाखवेल, पण नोटीस मागं घेईलच असं नाही.

कडकभाकरीवाली · रविवार, रात्री ८.४५

विचारू का नको असं झालं होतं. माझा तर कॉम्प्युटरच नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आम्ही नऊ बायका. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, कुणाला किती तिखट लागतं तेही चॅटमध्येच. फोन गेला तर धंदाच गेला. मलाही योजना लागते का?

बॅकअपबुवा · रविवार, रात्री ९.१०

ताई, सगळ्यात जास्त तुम्हालाच लागते, कारण तुमची सगळी अंडी एकाच टोपलीत आहेत आणि टोपली खिशातून पडू शकते.

अँड्रॉईड असेल तर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यात जातो आणि २०२४ पासून तो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो. आत्ता सेटिंगमध्ये जाऊन शेवटची तारीख बघा. फोटोंनी जागा भरली असेल तर ती तारीख बरीच जुनी निघेल.

दुसरं सिमचं. फोन हरवल्यावर डुप्लिकेट सिम दुकानातून लगेच मिळतं, पण पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, फसवणूक टळावी म्हणून. म्हणजे एक दिवस बँकेचा ओटीपी नाही. त्या दिवसाचा तेल-शेंगदाण्याचा खर्च रोख घरात हवा.

कडकभाकरीवाली · रविवार, रात्री ९.२६

बघितलं. शेवटचा बॅकअप चौदा फेब्रुवारी. 😶 नातवाच्या बारशाचे व्हिडिओ आहेत. ते काढू कसे?

हिशेबनीस · रविवार, रात्री ९.३०

बारशाचे राहू द्या, ‘गुड मॉर्निंग’ काढा. तेवढ्यानंच पाच जीबी मोकळी होईल.

अक्कलकोटरोड · पुढचा रविवार, रात्री ९.५०

आज केलं. कारखाना बंद होता. दिवाणजींना, मुलाला आणि सुनेला बोलावलं. ठरवलं की ऑफिस काल रात्री जळालं. खोलीला कुलूप लावून किल्ली मी खिशात टाकली. घरी जुळे सोलापुरात सुनेचा लॅपटॉप, त्यावर आमचं काही नाही. पेनड्राईव्ह गल्ल्यात म्हणजे तोही जळालाच, पण तसं धरलं असतं तर सकाळी साडेनऊलाच जेवायला बसावं लागलं असतं. म्हणून सूट दिली, पेनड्राईव्ह वाचला असं धरलं.

जसं घडलं तसं लिहितो.

टॅली टाकली. लायसन्सचा ईमेल कुणाचा, ते शोधण्यात पन्नास मिनिटं. हिशेबनीसताई, हसा. सोडून गेलेल्या अकाउंटंटचाच. तो आता हैदराबादला असतो. भला माणूस, रविवार असून त्यानं फोन घेतला आणि की सांगितली.

रीस्टोअर झालं. कंपनीचं नाव दिसलं. मुलगा उठून नाचला. सून म्हणाली, ते चार आकडे बघा आधी. शेवटचं बिल ३१ मार्चचं.

एप्रिलमध्ये आम्ही नवीन वर्षाची वेगळी कंपनी उघडली. बॅकअपच्या पडद्यावर कुठली कंपनी ते निवडावं लागतं. दिवाणजी रोज संध्याकाळी, एकही दिवस न चुकवता, बंद झालेल्या जुन्या वर्षाचा बॅकअप घेत होते. साडेतीन महिने.

खोलीत कुणी बोललं नाही. दिवाणजी आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहेत. चष्मा काढून पुसत बसले. मी म्हणालो, दिवाणजी, दोन वर्षांत मी एकदा तरी विचारलं का तुम्हाला? चूक कुणाची? ते काही बोलले नाहीत, पण उठून गेले नाहीत, ही मोठी गोष्ट.

मग डिझाईनचा लॅपटॉप, तोही जळाला नाही, नुसता बिघडला असं धरून. मुलगा म्हणाला, लॅपटॉप बिघडला तरी डिस्क काढून दुसऱ्याला लावू. लावली. निळा पडदा, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागतो. आम्ही कधी असलं काही चालू केलं नव्हतं, विंडोजनं आपणहून केलेलं. किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते म्हणे. कुणाचं खातं? लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोरानं सेटिंग करताना त्याचंच घातलेलं. ते पोरगं आता तिथं नाही. डिस्क परत जागेवर लावल्यावर लॅपटॉप मुकाट चालू झाला, म्हणून लगेच किल्ली काढून कागदावर लिहून घेतली. खरोखर बिघडला असता तर आठ वर्षांची डिझाईनं समोर असून नसल्यासारखी.

ड्राईव्हवरची प्रत उतरवायला लावली. १८० जीबी. घरचं नेट ४० एमबीपीएसचं. सुनेनं कागदावर गणित केलं, दहा तास, तेही मध्ये काही अडलं नाही तर. संध्याकाळी साडेसातला थांबवलं.

बॅकअपबुवांचे दोन आकडे काढायला बसलो तेव्हा मात्र मजा आली. मला वाटत होतं डिझाईन गेलं की कारखाना ठप्प. मागांवर देखरेख करणारा जॉबर म्हणाला, मालक, चालू डिझाईनं जेकार्डच्या मेमरीत आहेतच की, माग चार-पाच दिवस आरामात चालतील. टॅलीवाचून दोन दिवस चालेल, बिलं हातानं लिहू. मग थांबणार काय? तर शनिवारचा पगार. पीसरेटचा हिशेब, कुणी किती टॉवेल उतरवले, उचल किती. तो टॅलीतही नाही, ड्राईव्हवरही नाही. दिवाणजींच्या टेबलावर एका एक्सेल फाईलमध्ये आहे, जिचा बॅकअप कुणीच कधी घेतला नाही. चौदा पानांच्या योजनेत पगार हा शब्द एकदाही नाही. मी शोधला.

पूर्वभाग · पुढचा रविवार, रात्री १०.०४

अण्णा, पगार चुकला तर माग जळायची वाटच बघायला नको. सोमवारी माणसं दुसऱ्या कारखान्यात असत्यात.

बॅकअपबुवा · पुढचा रविवार, रात्री १०.२०

अभिनंदन. खरंच सांगतो, ही चाचणी यशस्वी झाली. लायसन्स, चुकीची कंपनी, ४८ आकडी किल्ली, पगाराची फाईल, चार भोकं एका रविवारात सापडली आणि एक रुपयाही बुडाला नाही. आगीनं हीच भोकं दाखवायला किती घेतले असते?

आता खर्च करा, पण थोडा. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एक घरी, एक कारखान्यात, आठवड्याला अदलाबदल. दोन्ही एकाच वेळी एका छपराखाली रात्र काढणार नाहीत. मे महिन्यात डिस्क गाडीत विसरू नका, त्रेचाळीस डिग्रीत ती भाजते. कारखान्यातली बंद डब्यात ठेवा, सुताची धूळ सगळीकडे शिरते. आठ वर्षांची डिझाईनं एकदम उतरवायची नसतात. चालू तीन महिन्यांची वेगळी फोल्डर करा, ती आधी आणा, बाकीचं रात्री येऊ द्या.

आणि योजना एका पानावर आणा. पुढच्या वेळी ती दिवाणजींशिवाय करायची.

झटपट · पुढचा सोमवार, सकाळी ८.१५

काल रात्री हे वाचून आमच्या दुकानाचा बॅकअप उघडायला गेलो. पासवर्ड मागतोय. कुणाला आठवत नाही. बाऊ शब्द मागं घेतो.

अक्कलकोटरोड · तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७.०५

दुसरी चाचणी झाली. या वेळी सुनेनं केली, हातात एक पान फक्त. दिवाणजींना समोर खुर्चीत बसवलं, अट एकच, तोंड उघडायचं नाही. त्यांनी चार कप चहा प्यायला आणि दोनदा जीभ चावली.

क्रम बदललाय: आधी पगार, मग ई-वे बिल, मग टॅली, डिझाईनं शेवटी. पगाराची फाईल आता रोज तीन ठिकाणी जाते, शिवाय शुक्रवारी रात्री तिचा छापील कागद घरी येतो. लाईट नसली तरी शनिवारी पैसे वाटता येतील, हे सीनाकाठ यांच्यामुळे सुचलं. पुठ्ठाही केला.

एकूण तीन तास दहा मिनिटं. चारही आकडे जुळले. अडलो दोन ठिकाणी. पानावर ‘डेटा नेहमीच्या फोल्डरमध्ये टाका’ असं लिहिलं होतं, सून म्हणाली नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं? आणि ई-वे बिलाच्या उपवापरकर्त्याचा पासवर्ड मी लिहिलाच नव्हता. दोन्ही दुरुस्त केलं.

बायरला मेल पाठवला की आधीची तारीख चुकीची होती, खरी चाचणी आज झाली, अमुक दोन गोष्टी अडल्या. पाठवताना हात थरथरत होता. उत्तर एका ओळीचं आलं: कळवल्याबद्दल आभार, पुढची कधी? दिवाळीआधी सांगितलंय.

दिवाणजी निघताना दारात थांबले आणि म्हणाले, पुढच्या वेळी मला गावाला जाऊ द्या. इथं बसून गप्प राहणं होत नाही.

हिशेबनीस · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.००

दिवाणजींना नमस्कार सांगा. आणि अकाउंटंटचा ईमेल बदलला का?

अक्कलकोटरोड · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.०६

पहिल्या सोमवारीच.

पूर्वभाग · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३१

सगळं झालं अण्णा, पण त्ये मुंबईचं डेटा सेंटर काढलं का योजनेतनं?

अक्कलकोटरोड · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.४०

काढलं होतं. मग परत घातलं. तिसरी डिस्क घेतली, पासवर्ड लावून. महिन्यातून एकदा सिद्धेश्वर एक्सप्रेसनं आमच्यातलं कुणी ना कुणी मुंबईला जातंच. आत्याच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली असते. आत्यानं विचारलं यात काय आहे, मी म्हणालो टॉवेल.

पूर्वभाग · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.४२

😂😂 शेंगा चटणी बी पाठवा तिच्याबरूबर, भाडं म्हणून.

कडकभाकरीवाली · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१५

चटणी माझ्याकडून घ्या. आणि बॅकअप काल रात्रीचा आहे, आत्ताच बघितलं. बारसं पेनड्राईव्हवर गेलं, दोन पेनड्राईव्हवर. एक लेकीकडे.